नातू ‘थीटा टाऊ’त गेला, म्हणजे नक्की कुठे?

प्रश्न : आमचा नातू अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकतो. तिथल्या ‘थीटा टाऊ’ नावाच्या मंडळात शपथ घेऊन सामील होणार, असे फोनवर सांगत होता. ही काय भानगड आहे? रॅगिंगचा प्रकार तर नाही ना? आपल्याकडे असे कधी होते का?
– एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आजोबा, तुमची शंका रास्त आहे, पण मंडळ वाईट हेतूने निघालेले नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावे घेणारी मंडळे फार जुनी. ‘फाय बीटा काप्पा’ 1776 साली व्हर्जिनियात निघाले. पुढे काही मंडळे नुसती एकत्र राहण्या-जेवण्याची झाली, काही गुणवंतांच्या सन्मानाची, तर काही एकाच पेशातल्यांची. थीटा टाऊ हे पेशातल्यांचे. मिनेसोटा विद्यापीठात खाणकाम शिकणाऱ्या श्रेडर, विनल, लुईस आणि हँक्स या चौघांनी 15 ऑक्टोबर 1904 रोजी ते काढले. तेव्हाचे नाव ‘सोसायटी ऑफ हॅमर अँड टाँग्ज’, म्हणजे हातोडा-सांडशीवाल्यांचे मंडळ. 1911 साली नाव बदलले. पुढे इंजिनिअरिंगच्या सगळ्या शाखांना प्रवेश मिळाला, आता मुलीही सभासद असतात.

बंधुभाव, व्यावसायिकता आणि सेवा ही त्यांची तीन तत्त्वे. वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना अभ्यासात हात द्यायचा, नोकरीला लागलेल्या जुन्या सभासदांनी नव्यांना वाट दाखवायची. परमुलखात एकट्या पडलेल्या मुलाला हा आधार मोठा असतो, हे मी मनापासून सांगतो.

आपल्याकडे काय? महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत आयएसटीई, आयईईई अशा संस्थांच्या विद्यार्थी शाखा असतात. व्याख्याने, स्पर्धा, कार्यशाळा हे त्यांचे काम. वर्गणी भरली की सभासद, शपथबिपथ नाही.

पण शपथ घेऊन एकमेकांचे भाऊ होणे आपल्याला परके नाही, आणि त्याचे उदाहरण तुमच्याच जिल्ह्यातले आहे. गुहागर तालुक्यात कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 12 जून 1905 रोजी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापली. थीटा टाऊनंतर अवघ्या आठ महिन्यांनी! सभासदाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार आधी, जातिधर्माचा भेद न करता सगळे भारतीय भाऊ, कुणाशी वैयक्तिक भांडण नाही, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्चायची नाही. गोखल्यांनी आधी स्वतः शपथ घेतली, मग द्रविड, पटवर्धन आणि देवधर या सहकाऱ्यांना दिली. आपल्या माणसांचे भले व्हावे हा अमेरिकन मंडळाचा मुख्य हेतू, तर इथे स्वतःचे भले बाजूला ठेवण्याचीच शपथ होती. शिवाय या प्रतिज्ञा कुणालाही वाचता येत. थीटा टाऊचा दीक्षाविधी मात्र सभासदांपुरता असतो, आणि मला हे पटत नाही. बंद दाराआड चांगली तत्त्वेही लवकर नासतात. 2018 साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठाने आपल्याकडची थीटा टाऊची शाखा कायमची काढून टाकली. सभासदांचे वंशद्वेषी वर्तन चित्रफितींतून उघड झाले होते. म्हणून मंडळाच्या नावावर जाऊ नका, नातवाच्या कॉलेजातली शाखा कशी आहे ते पाहा.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे. अमेरिकेतही बहुतेक राज्यांत तसे कायदे आहेत. डिसेंबर 2024 मध्ये तिथे केंद्राचा कायदा झाला असून, कोणत्या मंडळाने असा छळ केला याचा अहवाल कॉलेजांना जाहीर करावा लागतो. शपथ घेण्याआधी नातवाला तो अहवाल वाचायला सांगा, आणि रात्री-अपरात्री काही करायला लावले तर सरळ नाही म्हण, घरी कळव, एवढे त्याला बजावून ठेवा.