स्वभावविशेषणांचा अभ्यास : भिवंडीच्या भाचीस पत्र



लिहिण्यास कारण की, माणसांच्या स्वभावाचे वर्णन करणारी प्रगत इंग्रजी विशेषणे पाठ करण्याचा जो संकल्प चि. भाचीने कळवला आहे तो चांगला आहे, परंतु त्यासाठी योजलेली रीत मामाला पसंत नाही. रोज वीस शब्द, प्रत्येकासमोर एक मराठी अर्थ, आणि एक वही भरली की दुसरी, अशा अभ्यासाने शब्द जमतात. पण शब्द कोणाला लावावा आणि कोणाला लावू नये याची समज येत नाही, आणि या जातीच्या शब्दांत तीच समज मुख्य असते. स्वभावविशेषण म्हणजे माणसाच्या वागण्यात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या, टिकाऊ अशा कलाला दिलेले नाव. 'उंच' किंवा 'सावळा' हे विशेषण एकदा पाहून लावता येते. 'मत्सरी' किंवा 'उदार' म्हणण्यापूर्वी त्या माणसाला अनेक प्रसंगांत पाहावे लागते, कारण असे म्हणणे हा निवाडा असतो आणि निवाड्याला पुरावा लागतो. जे विशेषण शिकावयाचे त्याच्याबरोबर ते कोणत्या वर्तनावरून सिद्ध होते हेही शिकावे, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे. बाकी सारा त्याचाच विस्तार.

या शब्दांचा पसारा केवढा आहे हे आधी पाहून घ्यावे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये रॉजेचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा विषयवार मांडलेला कोश, चाळून स्वभावदर्शक शब्दांचा अंदाज केला, तेव्हा तो आकडा हजाराच्या घरात गेला. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा मोठा कोश पिंजून काढला आणि १७,९५३ शब्द वेगळे केले. त्यांतले ४,५०४ शब्दच टिकाऊ स्वभावगुणांचे आहेत असे त्यांनी ठरवले, आणि उरलेल्यांत तात्पुरत्या मनःस्थितीचे, निव्वळ स्तुतिनिंदेचे व इतर किरकोळ शब्द टाकले. पुढच्या संशोधकांनी या ढिगाची छाननी करत करत पाच मोठे गट केले : नव्या अनुभवाची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. रोज वीस या वेगाने ४,५०४ शब्दांना साडेसात महिने लागतील. पण इंग्रजी उत्तम लिहिणारेसुद्धा त्यांतले बहुतेक शब्द आयुष्यभर वापरत नाहीत. साठसत्तर विशेषणे नेमकी वापरता आली तरी पदवीच्या विद्यार्थिनीला ती पुरून उरतील.

वर्तनावरून विशेषणाकडे जाण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्या समासात मूर्खाची आणि दहाव्या समासात पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत, आणि तेथे मूर्खपणाची व्याख्या करत बसण्याऐवजी माणसाच्या एकेका कृतीकडे बोट दाखवून 'असे करतो तो मूर्ख' असा निर्णय दिला आहे. लक्षण म्हणजे ज्यावरून वस्तू ओळखावी ती खूण. समर्थांनी खुणा दिल्या आणि नाव त्यांच्या मागून आणले. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस यानेही ग्रीक भाषेत तीस स्वभावचित्रे लिहिली, त्यांत खुशामतखोर, बडबड्या, कंजूष अशी माणसे दिवसभर काय करतात हेच सांगितले आहे. पढतमूर्ख म्हणजे ग्रंथ वाचूनही वागण्यात कोरडा राहिलेला माणूस, हे ध्यानात घेतले तर वीस शब्दांच्या वहीला त्या दहाव्या समासाची थोडी धास्ती वाटावयास हवी.

भिवंडीत राहणाऱ्या विद्यार्थिनीला तर या अभ्यासासाठी लांब जाण्याचे कारण नाही. यंत्रमागांचे कारखाने, अंजूर फाट्यापासून मानकोलीपर्यंत पसरलेली गोदामे, आणि मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारी माणसे एकाच गल्लीत, अशा गावात स्वभावांचे नमुने दारात येऊन उभे राहतात. यंत्रमागाच्या मालकांचेच उदाहरण घ्यावे. मंदीच्या दिवसांत घरखर्च आवरून उधारीशिवाय सूत घेणारा मालक थ्रिफ्टी, म्हणजे काटकसरी. ज्याच्या गरजाच मुळात थोड्या आहेत आणि तेजी आली तरी ज्याचे जेवणखाण तेच राहते तो फ्रूगल. कारागिराच्या चहाचा हिशेब ठेवणारा स्टिंजी, म्हणजे चिक्कू. आणि तिजोरी भरलेली असूनही स्वतःच्या औषधाला पैसा काढवत नाही तो मायझर्ली, ज्याला मराठीत कवडीचुंबक म्हणतात. पार्सिमोनिअस हा शब्द स्टिंजीच्याच जवळचा, पण पुस्तकी असल्याने बोलण्यात वापरला की बोलणाराच हास्यास्पद ठरतो. चौघेही कमी खर्च करतात. पण एकाच्या शब्दात आदर आहे, तर दुसऱ्याच्या शब्दात तिरस्कार.

गोदामातही हेच. आलेला माल चलनाशी दोनदा ताडून पाहणारा पर्यवेक्षक मेटिक्युलस; खोक्यावरची चिकटपट्टी किंचित तिरकी लागली म्हणून नाक मुरडणारा फास्टिडिअस; कोणी विचारलेले नसताना दुसऱ्याच्या कामात शिरून हुकूम सोडणारा ऑफिशिअस, ज्याचा आजच्या अर्थाने ऑफिशियल या शब्दाशी काही संबंध नाही; आणि साहेब आले की पुढे पुढे करणारा ऑब्सिक्विअस, मराठीत लाळघोट्या. कमी बोलणाऱ्या माणसांचेही तीन प्रकार वेगळे ठेवावेत. स्वतःविषयी बोलणे टाळणारा तो रेटिसंट, स्वभावानेच अबोल तो टॅसिटर्न, आणि बोलतो पण मोजकेच बोलतो तो लॅकॉनिक, हा शेवटचा शब्द प्राचीन स्पार्टाच्या लॅकोनिया या प्रदेशावरून आला, कारण तेथील लोकांचे बोलणे तोकडे म्हणून प्रसिद्ध होते. ग्रे, म्हणजे प्रक्रिया न झालेले, कापड तपासणारा जाणकार 'माल खराब' एवढेच म्हणून थांबत नाही, दोष कोठे आहे आणि कोणता आहे ते बोटाने दाखवतो. स्वभावाविषयी बोलणाऱ्यानेही 'माणूस विचित्र आहे' यावर थांबू नये.

एकाच वर्तनाला बोलणाऱ्याच्या सोयीप्रमाणे वेगवेगळी नावे मिळतात, हा या अभ्यासातला सर्वांत नाजूक भाग आहे. तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' या कार्यक्रमात एक विशेषण क्रियापदासारखे तीन पुरुषांत चालवून दाखवले होते : वागणे तेच, पण स्वतःचे असले की माणूस फर्म ठरतो, समोरच्याचे असले की ऑब्स्टिनेट, आणि तिऱ्हाइताचे असले की पिगहेडेड. मराठीत ठाम, हट्टी आणि हेकट ही उतरंड अशीच आहे. म्हणून वहीत प्रत्येक इंग्रजी विशेषणापुढे ते स्तुतीचे, निंदेचे की तटस्थ, याची खूण करावी. ऑक्सफर्डच्या ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीत अनेक शब्दांपुढे अशी पसंती-नापसंतीची नोंद असते. एका शब्दाला एकच प्रतिशब्द देणाऱ्या खिशातल्या कोशात ती सहसा नसते, आणि तसल्या कोशाने केलेले नुकसान भरून यायला फार वेळ लागतो.

काही जोड्या फसव्या आहेत. इन्जीनिअस म्हणजे कल्पक, इन्जेन्युअस म्हणजे निष्कपट, भाबडेपणाकडे झुकलेला. चाइल्डलाइक ही स्तुती, चाइल्डिश ही निंदा. सेन्सिबल म्हणजे समंजस, सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा. भारतात वधूवरांच्या जाहिरातींत होमली हा शब्द घरात रमणारी, संसारी अशा अर्थाने येतो, पण अमेरिकेत तोच शब्द दिसायला यथातथा असलेल्या व्यक्तीला लावतात. तिकडच्या माणसापुढे कोणाचे कौतुक करताना तो तोंडातून जाऊ देऊ नये. बोल्ड या शब्दाची मराठी वृत्तपत्रांनी चित्रपटांच्या बातम्यांत जी गत केली आहे, तीवरून त्याचा मूळ अर्थ धीट असा आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

व्याकरणाचा एक मुद्दा निवाड्याशी थेट जोडलेला असल्याने येथे सांगणे भाग आहे. इंग्रजीत 'ही इज रूड' म्हटले की तो माणूस स्वभावानेच उद्धट ठरतो. 'ही इज बीइंग रूड' म्हटले की तो या घडीला उद्धटपणा करत आहे एवढेच ठरते. मराठीतही 'तो उद्धट आहे' आणि 'तो उद्धटपणा करतो आहे' यांत हाच भेद आहे, फक्त इंग्रजी बोलताना तो विसरला जातो, आणि एका दुपारच्या रागावरून माणसाच्या कपाळी कायमचा शिक्का बसतो. प्रत्येक विशेषणाबरोबर येणारे शब्दयोगी अव्ययही त्याच वेळी शिकावे, जसे इन्डिफरंट टू, टॉलरंट ऑफ, प्रोन टू. विशेषण बरोबर आणि अव्यय चुकलेले, असे वाक्य कानाला लगेच खटकते.

इंग्रजीत माणसांचे मूल्यमापन कसे करावे याचा महाराष्ट्रातला उत्तम नमुना म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'रानडे, गांधी अँड जिना' हे भाषण. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला, १८ जानेवारी १९४३ रोजी, पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये ते झाले. मोठा माणूस कोणाला म्हणावे याची कसोटी तेथे आधी ठरवली जाते आणि मग रानड्यांना तिच्यावर घासून पाहिले जाते. गांधी आणि जिना या दोघांवर बाबासाहेब अहंकाराचा आरोप करतात, परंतु तो शब्द उच्चारून पुढे सरकत नाहीत. गांधींनी आपण हिंदू असल्याचे कबूल करावे हा जिनांचा हट्ट आणि जिनांनी आपण मुसलमानांच्या अनेक नेत्यांपैकी एक असल्याचे कबूल करावे हा गांधींचा हट्ट, असा पुरावा ते मांडतात. त्या निष्कर्षाशी वाचकाचे मतभेद असू शकतात आणि अनेकांचे आहेतही. पण मतभेद कशाशी आहे हे वाचकाला नेमके कळते, याचे श्रेय त्या पुराव्याला. चि. भाचीने ते भाषण मूळ इंग्रजीत दोनदा वाचावे, पहिल्यांदा आशयासाठी आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, विशेषण कोठे आले आणि त्याचा आधार कोठे आला हे खुणावत.

शब्दसंग्रह वाढवण्यासाठी आणखी एक जुना मार्ग आहे, तो म्हणजे मराठीकडून इंग्रजीकडे जाणे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. कँडीचा इंग्रजी-मराठी कोश त्यांच्या मधला, १८४७ चा. भिडस्त, लाघवी, बेरकी, खाष्ट, मानी असे शब्द मोल्सवर्थमध्ये काढून पाहावेत, म्हणजे एका मराठी शब्दासाठी इंग्रजीत किती जुळवाजुळव करावी लागते ते दिसेल. भिडस्त माणसाला डिफिडंट म्हणता येत नाही, कारण डिफिडंट माणसाला स्वतःवर विश्वास नसतो, तर भिडस्ताला नाही म्हणता येत नाही. मानी माणसाला प्राउड म्हटले तर त्याच्यावर गर्वाचा आळ येतो. अशा ठिकाणी एका शब्दाचा आग्रह सोडून सरळ वाक्य लिहावे. मोल्सवर्थची इंग्रजी एकोणिसाव्या शतकातली आहे, तेव्हा तेथे सापडलेला शब्द आजच्या कोशात पडताळल्याशिवाय वापरू नये, हे वेगळे सांगावयास नको. संस्कृत समासांची सवय असलेल्याला लॅटिन घडणीचे शब्दही लवकर उलगडतात : मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, पुसिलॅनिमस म्हणजे क्षुद्र मनाचा, म्हणून भित्रा, बेनेव्होलंट म्हणजे भले इच्छिणारा.

नोकरीच्या मुलाखतीत स्वतःचे वर्णन तीन विशेषणांत करावयास सांगतात, ही चि. भाचीची मोठी चिंता दिसते. हार्डवर्किंग, ऑनेस्ट आणि पंक्च्युअल हे तीन शब्द मुलाखत घेणाऱ्यांनी इतक्यांदा ऐकलेले असतात की ते कानावर पडले तरी ऐकू येत नाहीत, आणि त्यांच्या जागी इन्डिफॅटिगेबल, स्क्रुप्युलस असे जड शब्द ठेवल्याने काम सुधारत नाही, बिघडते. तेथे एकच मध्यम वजनाचे विशेषण घ्यावे आणि त्यामागे खरी घडलेली एक गोष्ट दोन वाक्यांत सांगावी. विशेषणाला पुरावा नसेल तर ते विशेषण सोडावे, मग ते कितीही शोभिवंत असो.

पुढच्या पत्रासोबत शब्दांची यादी नको. ओळखीची पाच माणसे निवडून, त्यांची नावे गाळून, प्रत्येकासाठी एक इंग्रजी विशेषण आणि ते सिद्ध करणारे दोन प्रसंग इंग्रजीत लिहून पाठवावेत. त्या पाचांत एक माणूस न आवडणारा असावा आणि त्याच्यासाठी निवडलेला शब्द स्तुतीचा असावा.