निळी फुले, पांढरी माती

मेसमधल्या लोणच्याच्या बरणीला आपण 'चिनी मातीची' म्हणतो. बरणी बनते आपल्याच देशात, पण नाव मात्र चीनचे! कारण पांढरीशुभ्र, टणटणीत पोर्सेलीनची भांडी शेकडो वर्षे फक्त चीनलाच जमत होती. त्यांतल्या निळ्या फुलांच्या भांड्यांविषयी थोडे सांगतो. विषय कलेचा वाटेल, पण निम्मा आपल्या मटेरियल सायन्सचाच आहे.

चौदाव्या शतकात जिंगडेझेन गावात ही भांडी मोठ्या प्रमाणावर बनू लागली. केओलिन माती आणि एका प्रकारच्या दगडाची भुकटी मिसळून भांडे घडवायचे. ते कच्चे असतानाच त्यावर कोबाल्टने चित्र काढायचे, वरून पारदर्शक झिलई द्यायची आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजायचे. एवढ्या उष्णतेत बहुतेक रंग टिकत नाहीत, कोबाल्ट टिकतो. गंमत म्हणजे रंगवताना तो काळपट दिसतो, निळा होतो तो भट्टीत. शिवाय कच्ची माती रंग लगेच शोषते, म्हणजे खोडरबराची सोयच नाही!

सुरुवातीचा उत्तम कोबाल्ट इराणकडून येई. त्यात लोह जास्त, म्हणून रेघ जिथे जाड तिथे काळसर ठिपके उमटत. चीनच्या खनिजात मँगनीज जास्त, म्हणून त्याची निळाई जरा राखाडी. म्हणजे रंगाच्या छटेवरूनही भांड्याच्या इतिहासाचा माग लागतो.

आता फुलांकडे वळू. ती नुसती शोभेची नाहीत. पिओनी म्हणजे वैभव आणि मान. शेवंती म्हणजे दीर्घायुष्य. कडाक्याच्या थंडीत फुलणारा प्लमचा बहर म्हणजे चिवटपणा. आणि कमळ म्हणजे चिखलात राहूनही निर्मळ. चिनी भाषेत कमळाच्या नावासारखाच उच्चार 'अखंड' आणि 'सचोटी' या अर्थाच्या शब्दांचा आहे, म्हणून एका फुलात तीन अर्थ! पवित्र चिन्ह म्हणून कमळाला तिथे मोठे स्थान मिळाले ते बौद्ध धर्माबरोबर. आपल्या शेजारच्या अजिंठ्यात छतांवर कमळे आहेतच, आणि तिथल्या निळ्या रंगाचा दगड, लाजवर्द, अफगाणिस्तानातून आलेला. चांगली वस्तू एकट्या देशाची क्वचितच असते, असे मला यावरून वाटते.

अशी चिनी भांडी पाहायची तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह तिथे आहेत. ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांतही उत्खननात चिनी पोर्सेलीनचे तुकडे निघाले. पोर्तुगीज १५५७ च्या सुमारास मकावला स्थिरावले, त्या व्यापाराची ही खूण.

म्हणूनच एक विनंती. ट्रेकला गेल्यावर किल्ल्यावर किंवा जुन्या बंदरात निळ्या फुलाची खापरी दिसली, तर 'आठवण' म्हणून खिशात टाकू नका. ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती, यावरूनच अभ्यासकांना काळ आणि व्यापार कळतो. जागेवरून हलवली की ती नुसते खापर. लॅबमध्ये रीडिंग लिहून घ्यायच्या आधीच सेटअप मोडला तर काय उरते? तसेच हे. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा. पुढच्या माणसालाही ते फूल वाचता आले पाहिजे.