माहेरी येताच बंद केलेली गोळी

रक्तदाबाची गोळी पोटातल्या बाळाला बाधते, हा समज रहिमतपूरच्या पंचक्रोशीत इतका मुरलेला आहे, की सासरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी माहेरी पाऊल ठेवताच बंद करणे ही जणू बाळंतपणाची वहिवाटच होऊन बसली आहे; आणि या एका वहिवाटीपायी मी माझ्या दवाखान्यात जितका घसा कोरडा केला, तितका दुसऱ्या कोणत्याही विकारापायी केला नसेल.

मागे एकदा, आल्याच्या लागणीची घाई चालू असताना, कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून बावीस वर्षांची पहिलटकरीण आईसह आली. आठवा महिना, दोन दिवस डोके ठणकत असलेले, डोळ्यांपुढे काजवे. दाब मोजला तो 170/112. लॅबेटॅलॉलची गोळी दिवसातून तीन वेळा लिहून दिलेली होती. आईने पिशवीतून पाकीट काढले, तर दहापैकी दोनच कप्पे फुटलेले. ''दाब उतरला हुता की. मग पोरीच्या पोटात इख कशाला घालायचं?'' असे म्हणून, माझा राग शांत व्हावा या हेतूने, तिने पुढची कैफियत दिली, ''काल डोकं लई दुखाय लागलं म्हणून आमच्या जाऊबाईंची बीपीची गोळी अर्धी दिली न्हवं.'' ती गोळी टेल्मिसार्टनची होती.

येथे माझा तोल सुटला, हे कबूल करतो. जी गोळी गरोदरपणात जगभर प्रथम पसंतीने दिली जाते ती विष म्हणून पिशवीत दडवली. आणि जी गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करते, गर्भजल आटवते, म्हणून गरोदरपणी सर्वथा वर्ज्य मानली आहे, ती घरचीच म्हणून विश्वासाने भरवली!

लॅबेटॅलॉल ही बीटा-ब्लॉकर कुळातली. हृदयाची अवाजवी धावपळ ती आवरते आणि रक्तवाहिन्याही सैल करते. तिचा अंमल काही तासांचाच, म्हणून ती दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावी लागते. दाब उतरलेला दिसतो तो गोळीमुळे, रोग गेल्यामुळे नव्हे. आपल्याच नागपुरात दोन सरकारी रुग्णालयांतल्या, दाब अतिशय वाढलेल्या 894 गर्भवतींवर तीन गोळ्यांची तुलना झाली व 2019 साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. सहा तासांत दाब आटोक्यात येऊन काही अपाय न होण्याचे प्रमाण निफेडिपिनमध्ये शंभरात 84, लॅबेटॅलॉलमध्ये 77, मेथिलडोपामध्ये 76 असे निघाले. म्हणजे तिन्ही उपयोगी.

मात्र या कुळातल्या साऱ्या गोळ्या एका माळेचे मणी नव्हेत. अटेनोलॉल गरोदरपणाच्या आरंभापासून घेतलेल्या मातांची बाळे वजनाने कमी भरल्याचे 1990 सालच्या एका लहानशा ब्रिटिश अभ्यासात आढळले, आणि तेव्हापासून आम्ही ती शक्यतो टाळतो. लॅबेटॅलॉलही दमेकरी बाईला देऊ नये. आणि ती घेणाऱ्या मातेच्या नवजात बाळाची साखर व नाडी पहिल्या दिवशी तपासावी लागते. पण हा हिशेब डॉक्टरांनी मांडायचा आहे. मोबाइलवरल्या वैद्यराजांनी नव्हे, आणि 'बीटा' हा शब्द ऐकून सुनेला महिनाभर बिटाचा रस पाजणाऱ्या एका सासऱ्यांनी तर नव्हेच. (रस गोड होता, असे ती म्हणाली.)

भिण्याजोगे आहे ते निराळेच. दाब 140/90 वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. 160/110 असेल तर वाट पाहण्याची मुदत संपली असे समजून तडक मोठे रुग्णालय गाठावे. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, तोंडावर एकाएकी सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास 108 ला फोन करावा. आणि फिट आली तर नाकाला कांदा किंवा वहाण लावीत बसू नये, देवऋषाला तर मुळीच बोलावू नये. बाईला डाव्या कुशीवर वळवावे आणि गाडी बोलवावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते, तिथे दाब मोजून घेण्याचा तरी आळस करू नये.

त्या मुलीला मी गोळी दिली, फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचे इंजेक्शन टोचले आणि साताऱ्याला रवाना केले. मुलगी झाली, दोन किलोंची, किरकोळ पण खणखणीत आवाजाची. दहाव्या दिवशी तिघी दवाखान्यात हजर. दाब अजून 148/94. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तो पुन्हा उसळतो आणि पुरता उतरायला काही आठवडे लागतात. आणि ही गोळी दुधातून इतकी थोडी उतरते की अंगावर पाजायला हरकत नाही, असे मी समजावू लागलो. आजीबाईंनी मला वाक्य पुरे करू दिले नाही. पिशवीतून पाकीट काढून त्यांनी माझ्यासमोर धरले. सगळे कप्पे फुटलेले होते, आणि नवे कुठे मिळेल एवढेच त्यांना विचारायचे होते.