ब्लूटूथ की डोंगल? आधी हातातला माऊस उलटा करून बघा

भाच्याची तक्रार अशी होती: व्हॅलोरंटमध्ये शत्रू कोपऱ्यावरून बाहेर येतो, हा बरोबर वेळेवर हात फिरवतो, पण नेम डोक्याऐवजी मागच्या भिंतीवर जातो. माऊस महिन्याभरापूर्वी घेतलेला, गेमिंगचा, चांगला. आता म्हणे दुसरा घ्यायचा. मी तो हातात घेऊन उलटा केला. पोटाशी छोटा खटका होता, आणि तो ब्लूटूथच्या खुणेवर होता. पाठीवरचं झाकण उघडलं, तर सेलशेजारच्या खाचेत, लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात लावायचा नखाएवढा डोंगल पडून होता. कारखान्यातून आला तसाच. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आहेच, मग पोर्ट कशाला अडवायचा, असा त्याचा साधा विचार होता. बरीच मुलं असाच विचार करतात, म्हणून ही कृती लिहून ठेवतो. पैसे खर्च करायची पायरी मुद्दामच शेवटी ठेवली आहे.

१. आपण काय खेळतो ते आधी ठरवा. बुद्धिबळ, सिव्हिलायझेशनसारखे पाळीपाळीने खेळायचे खेळ, शेतीचे किंवा कोड्यांचे खेळ असतील तर ब्लूटूथ माऊस खुशाल वापरा. तिथे क्षणाच्या शंभराव्या भागाला किंमत नसते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे नेमबाजीचे खेळ असतील तर पुढे वाचा.

२. माऊस सेकंदाला किती वेळा बोलतो ते मोजा. माऊस आपली हालचाल लॅपटॉपला अखंड कळवत नाही, ठरावीक अंतराने कळवतो. याला पोलिंग रेट म्हणतात. बहुतेक लॅपटॉप आणि माऊसमधल्या ब्लूटूथच्या कमी विजेच्या पद्धतीत दोन निरोपांमधलं अंतर साधारण साडेसात मिलिसेकंदांच्या खाली जात नाही. म्हणजे सेकंदाला फार तर १३३ निरोप. गेमिंगचा डोंगल १००० निरोप आणतो, दर मिलिसेकंदाला एक.

आता हे लॅपटॉपच्या पडद्याशी जोडून पाहा. जुन्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, तेवढ्यात ब्लूटूथचे दोन निरोप येऊन जातात. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर चित्र ६.९ मिलिसेकंदांनी बदलतं. मग अधूनमधून एखादं चित्र असं निघतं की त्याच्यासाठी माऊसकडून नवी खबरच आलेली नसते. हात सरळ फिरतो आणि नेम मात्र ठेचकाळत जातो. महागडा गेमिंग लॅपटॉप घेतल्यावर जुना ब्लूटूथ माऊस अचानक वाईट वाटू लागतो, त्याचं एक कारण हे आहे.

पोलिंग रेट मोजायच्या चाचण्या ब्राउझरमध्ये फुकट चालतात. चाचणी उघडा आणि माऊस वेगाने गोल गोल फिरवत राहा, कारण थांबलेला माऊस काही कळवत नाही. आकडा १२५ च्या आसपास घुटमळत असेल तर खटका डोंगलवर सरकवा, डोंगल लावा, परत मोजा. भाच्याच्या लॅपटॉपवर हा आकडा १३० वरून हजाराच्या जवळ गेला, आणि त्याचा चेहराच बदलला. डोंगल लावूनही आकडा ५०० किंवा त्याहून कमीच राहिला, तर माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग चालू आहे का ते बघा.

३. हवेतली गर्दी कमी करा. ब्लूटूथ, बहुतेक डोंगल आणि घरचं जुनं वाय-फाय हे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात बोलतात. मायक्रोवेव्हसुद्धा त्याच पट्ट्यात काम करतो. ब्लूटूथचं दुखणं आणखी एक: लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात आणि त्यांना आळीपाळीने बोलावं लागतं. त्यात कानात ब्लूटूथचे इअरफोन असतील तर माऊस तिसरा वाटेकरी. म्हणून राउटर दोन्ही पट्ट्यांचा असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडा, आणि खेळताना तारेचे हेडफोन लावा. ब्लूटूथवरच खेळणं भाग असेल त्यांनी तर ही पायरी चुकवूच नये.

४. डोंगलची जागा नीट निवडा. माझ्या मते निम्मी कृती इथेच आहे, आणि इथेच लोक घाई करतात. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि तारेतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास खरखर बाहेर पडते; इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. भाच्याने डोंगल लावला तो नेमका बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारच्या पोर्टात. डिस्कवरून फाइल कॉपी व्हायला लागली की कर्सर जागच्या जागी थबकायचा आणि मग उडी मारायचा. डिस्क काढली की सरळ चालायचा.

उपाय स्वस्त आहे. माऊसच्या खोक्यात यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर आली असेल तर ती फेकू नका; नसेल तर विकत आणा. डोंगल तिच्या टोकाला लावून माऊसपॅडच्या कडेला, हातापासून वीतभर अंतरावर ठेवा. लॅपटॉपला यूएसबी २ चा पोर्ट असेल तर वायर तिथे लावा. माऊसला एवढा वेग पुष्कळ आहे.

५. विंडोजमध्ये दोन गोष्टी बघा. माऊसच्या जादा सेटिंगमध्ये ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा, म्हणजे कर्सर मनाने वेग वाढवणार नाही. ब्लूटूथच वापरणार असाल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ अडॅप्टर उघडा, आणि वीज वाचवायला ते बंद करण्याची परवानगी दिसली तर काढून घ्या.

६. एवढं करूनही भागलं नाही, तरच दुकानात जा. खोक्यावर नुसतं ‘वायरलेस’ किंवा ‘२.४ गिगाहर्ट्झ’ वाचून भुलू नका. ऑफिसच्या कामाचे डोंगलवाले माऊसही सेकंदाला १२५ निरोपांवर चालतात; डोंगल आहे म्हणजे तो गेमिंगचा झाला असं नाही. १००० हर्ट्झ लिहिलेलं हवं. दोन्ही सोयींच्या माऊसवर हा आकडा फक्त डोंगलचा असतो, हेही ध्यानात ठेवा. लॉजिटेकचा जी३०४ फक्त डोंगलवर चालतो. एका एए सेलवर २५० तास, असं कंपनी सांगते. रेझरच्या ओरोची व्ही२ मध्ये दोन्ही आहे: ब्लूटूथवर ९५० तास, डोंगलवर ४२५. या दोन आकड्यांतच ब्लूटूथचा खरा गुण दिसतो. दिवसभर कॉलेजचं काम ब्लूटूथवर करा आणि रात्री खेळायला बसताना खटका सरकवा. ८००० हर्ट्झच्या मागे लागू नका. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर त्याचा भार पडतो.

खेळ संपला की डोंगल पोर्टातून काढून माऊसच्या खाचेत परत ठेवा. पोर्टात खोचलेला डोंगल लॅपटॉपसकट बॅगेत कोंबला की एका धक्क्यात पोर्टही वाकतो, आणि त्याच माऊसचा सुटा डोंगल बाजारात सहज मिळत नाही.