उलटणारी गाय : गर्भाशयाचा जंतुसंसर्ग आणि प्रारंभिक गर्भनाश

गाय माजावर येते, तिचे रेतन केले जाते आणि एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. मराठीत याला ‘गाय उलटली’ असे म्हणतात. दिसावयास निरोगी असूनही तीन किंवा अधिक वेळा रेतन करून जी गाय अथवा म्हैस गाभण राहत नाही, तिची गणना वारंवार उलटणाऱ्या जनावरांत होते. प्रत्येक उलटण्यामागे तीन आठवड्यांचा चारा व खुराक दुधाच्या मोबदल्याविना खर्ची पडतो. ज्या कुटुंबाचा चरितार्थ एक-दोन जनावरांवर चालतो, त्याला हा भार फार काळ सोसत नाही; अखेर त्या गाईवर ‘वांझ’ असा शिक्का बसून ती मिळेल त्या किमतीस विकली जाते.

परंतु अशा अनेक गाई वांझ नसतात. त्यांच्या उदरात गर्भ धरतो, आणि त्याची चाहूल कोणास लागण्यापूर्वीच नष्ट होतो. या अदृश्य हानीची कारणे अनेक आहेत : निकृष्ट आहार, उन्हाळ्याचा ताप, गर्भातील उपजत दोष, चुकीच्या वेळी केलेले रेतन. त्यांपैकी जे कारण बऱ्याच अंशी मनुष्याच्या हाती आहे, त्या गर्भाशयाच्या जंतुसंसर्गाचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिले तीन आठवडे

गाईचा माज साधारणपणे बारा ते अठरा तास टिकतो, आणि तो ओसरल्यानंतर दहा ते बारा तासांनी बीजांड बाहेर पडते. बीजांड व शुक्रजंतू यांचे मीलन बीजवाहिनीत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात उतरतो. त्या वेळी तो डोळ्यांना दिसणारही नाही इतका सूक्ष्म असतो व गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेलाही नसतो. अस्तरातून पाझरणाऱ्या द्रवावरच त्याचे पोषण होते. बाराव्या दिवसानंतर तो झपाट्याने लांबट होऊ लागतो, आणि सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास ‘मी येथे आहे’ असा रासायनिक संदेश मातेला देतो. हा संदेश पोहोचला तर बीजांडकोशावरील पीतपिंड टिकून राहतो व गर्भधारणा पुढे चालते. तो पोहोचला नाही तर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य स्रवते, पीतपिंड विरतो आणि गाय पुन्हा माजावर येते.

गर्भाशयाच्या अस्तराला सूज असेल तर या साखळीतील प्रत्येक दुवा कच्चा होतो. पोषक द्रवात पू, पांढऱ्या पेशी व जंतूंची विषे मिसळतात; त्यात भ्रूण मरतो अथवा खुरटतो, आणि खुरटलेल्या भ्रूणाचा संदेश क्षीण असतो. भ्रूण सोळाव्या दिवसापूर्वी मेल्यास गाय नेहमीप्रमाणे एकविसाव्या दिवशीच माजावर येते. म्हणून गर्भ धरलाच नव्हता की धरून गेला, हे बाहेरून सांगता येत नाही. त्यानंतर मेल्यास मात्र माज पंचवीस, तीस अथवा अधिक दिवसांनी, अनियमितपणे येतो. माजाच्या तारखा लिहून ठेवणे किती उपयुक्त आहे, हे यावरून लक्षात येईल.

जंतू येतात कोठून?

व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सर्व गाईंच्या गर्भाशयात जंतू शिरलेले असतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. गर्भाशय आकुंचन पावते, आतील घाण बाहेर टाकली जाते, पांढऱ्या पेशी जंतूंचा फडशा पाडतात, आणि सुमारे चाळीस दिवसांत गर्भाशय पूर्वस्थितीला येते. काही गाईंत मात्र ही सफाई अपुरी राहते. अडलेली गाय, जुळी वासरे, अस्वच्छ हातांनी केलेली ओढाताण आणि विशेषतः न पडलेली वार ही त्याची प्रमुख कारणे होत. मग एश्चेरिशिया कोलाय, ट्रुएपेरेला पायोजेनीस यांसारखे जंतू अस्तरात ठाण मांडतात.

वार सामान्यतः बारा तासांच्या आत पडते. ती लोंबू लागली की तिला वीट अथवा दगड बांधण्याची किंवा हाताने ओसडून काढण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ही रीत घातक आहे. वार गर्भाशयाला अनेक गाठींशी जोडलेली असते. जबरदस्तीने ओढल्यास त्या गाठी फाटतात आणि प्रत्येक जखम जंतूंना नवे दार उघडून देते.

माजाच्या काळात गर्भाशयाची प्रतिकारशक्ती तीव्र असते. पीतपिंडाच्या अमलाखाली ती मंदावते. म्हणूनच माजावर नसलेल्या गाईचे रेतन करणे धोक्याचे आहे. नळीबरोबर आत गेलेले जंतू तेथे वाढतात आणि गर्भाशय पुवाने भरू शकते. अशा गाईत पीतपिंड विरत नाही व माजही येत नाही, आणि मालक तिला गाभण समजून महिनोन्‌महिने वाट पाहत राहतो.

वळूपासून येणारे व गोठ्यात पसरणारे रोग

कॅम्पिलोबॅक्टर फीटस हा जंतू जुन्या ग्रंथांत व्हिब्रिओ या नावाने आढळतो. तो वळूच्या जननेंद्रियाच्या त्वचेच्या घड्यांत निमूटपणे राहतो. वळूला कोणताही त्रास होत नाही, पण त्याने फळविलेल्या गाईंचे गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच नष्ट होतात. तपासलेल्या वळूंचे, प्रतिजैविके मिसळलेले वीर्य वापरून केलेले कृत्रिम रेतन हा यावरील खात्रीचा उपाय ठरला आहे.

ब्रुसेला अबॉर्टसची रीत वेगळी. डेन्मार्कमधील पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्ये तो शोधून काढला. तो बहुधा पाचव्या महिन्यानंतर गर्भपात घडवितो, आणि वार अडकण्याचे तो एक महत्त्वाचे कारण आहे. म्हणजे आजचा उशिराचा गर्भपात पुढील वेताच्या प्रारंभिक गर्भनाशाचे बीज पेरून जातो. हा रोग माणसालाही होतो. न तापविलेल्या दुधातून, तसेच पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळल्याने. भारतात २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली चार ते आठ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना याची लस दिली जाते. ती आयुष्यात एकदाच टोचावी लागते.

ओळख आणि प्रतिबंध

निरोगी गाईचा माजाचा सोट काचेसारखा स्वच्छ व तारेप्रमाणे लोंबणारा असतो. तो गढूळ असल्यास, त्यात पुवाचे कण अथवा दुर्गंधी असल्यास, त्या माजाला रेतन न करता पशुवैद्याला दाखवावे. सोट स्वच्छ असूनही अस्तराला सूक्ष्म सूज असू शकते. त्यासाठी सोटात दाहक सोड्याचा द्राव मिसळून तापवितात. पिवळा रंग आल्यास संसर्गाचा संशय घेतात. उपचार पशुवैद्यानेच ठरवावयाचा असतो. दिसेल त्या गाईच्या गर्भाशयात औषध सोडल्याने लाभ होत नाही. उलट दूध दूषित होते आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

प्रतिबंधाची सूत्रे साधी आहेत. गाईला कोरड्या व स्वच्छ जागी विऊ द्यावे. मदत करावी लागल्यास हात साबणाने धुऊन हातमोजे घालावेत. वार ओढू नये. पडलेली वार चुन्यासह खोल पुरावी. व्याल्यानंतर किमान दोन महिने फळविण्याची घाई करू नये. गाय तिसऱ्यांदा उलटली तर चौथे रेतन करण्याऐवजी तिची तपासणी करून घ्यावी.

गर्भ जगविणारे कोणतेही औषध त्या पहिल्या तीन आठवड्यांत आपल्या हाती नाही. त्याचे भवितव्य बहुतांशी आधीच्या वेतात, गाय व्याली त्या रात्री गोठ्यात काय घडले यावर ठरलेले असते. गाईला वांझ ठरविण्यापूर्वी त्या रात्रीची आठवण करावी, हे अधिक न्यायाचे होईल.