शासनाचे पैसे ‘येणे’ म्हणूनच लिही

अगं, तुझ्या शाळेच्या अंदाजपत्रकातली बेरीज बरोबर आहे, पण जमेची पहिली ओळ मला खटकली. आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवरच्या मुलांसाठी शासन देतं ती, प्रतिपूर्ती तू पूर्ण धरलीस, आणि तीही जूनमध्ये!

हिशेब बघ. 25 टक्क्यांच्या या राखीव जागांवर पहिली ते आठवी मिळून साठ मुलं आहेत असं धर. मुलामागे 17,670 रुपये म्हणजे 10,60,200. कागदावर भक्कम दिसतात. पण हे पैसे येतात हप्त्याहप्त्यानं, कधी मागच्याच्या मागच्या वर्षाचे. करोनाच्या काळात तर दर 8,000 वर आणला होता. शिवाय शासनाचा दर आणि तुझी फी, यांत जे कमी तेच मिळतं. फी तीस हजार असेल, तर सगळं वेळेवर येऊनसुद्धा मुलामागे 12,330 शाळेलाच सोसायचे.

म्हणून आधी शासनाकडून काहीच येणार नाही असं धरून अंदाजपत्रक मांड, आणि पगार कुठल्या महिन्यापर्यंत पुरतात ते बघ. फी जून-जुलैत आणि दिवाळीनंतर जमते, पगार मात्र बारा महिने द्यायचे. पीएफ दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचा. खरी ओढाताण एप्रिल-मेची. त्या दोन महिन्यांचे पगार फी जमताच मुदत ठेवीत टाक, रंगकाम नंतर. बाईंचे पगार लांबवून प्रवेशद्वार सजवणाऱ्या शाळा मला मुळीच पटत नाहीत.

थकलेले पैसे आले की कोणत्या वर्षाचे ते आधी बघ आणि त्याच वर्षाच्या येण्यातून वजा कर. मग उधारी फेड. उरलंच तर बाकं घे, छताची गळती काढ. त्या भरवशावर नवी नेमणूक करू नकोस, कारण तो पगार पुढच्या वर्षीही द्यावा लागतो.

नियमही अधूनमधून हलतात. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली. पुण्यातल्या बिबवेवाडीसारख्या दाट वस्तीत त्याचा अर्थ काय, ते तुला सांगायला नको. 19 जुलैला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

आणि ऐक, अप्पर इंदिरानगरातून, मार्केट यार्डातल्या हमालांच्या घरांतून येणारी मुलं तुझ्या तुटीचं कारण नाहीत. पैसे शासनाकडे अडकलेत. शिक्षकांच्या खोलीत कुणी ‘फुकटातली मुलं’ म्हणालं, तर तिथेच थांबव. उपक्रमाच्या नावाखाली त्यांच्या आईबापांकडून तूट भरून काढायचा विचार तर मनातही आणू नकोस. ती मुलं तुझ्या वर्गात हक्कानं बसली आहेत.

फी वाढवायचीच असेल, तर प्रस्ताव पुढचं वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जायला हवा, आणि ठरलेली फी दोन वर्षं बंधनकारक असते. त्या बैठकीत थकबाकीचा वर्षवार तक्ता पालकांसमोर ठेव. आकडा झाकलेला असला की पालकांना संशय येतो. उघड सांगितलंस तर ते विचारतील, भांडतीलही, पण बोलणं पुढे सरकेल. दिवाळीच्या सुट्टीआधी रजिस्टरं घेऊन ये, तो तक्ता आपण दोघी मिळून करू.