ससा नाहीसा झाला तेव्हा : लिंक्सचा पाठ

प्राण्यांचे परस्परावलंबन शिकविताना 'वाघ हरिण खातो' एवढ्यावर बहुधा काम भागविले जाते. त्यातून शिकारी बलवान आणि भक्ष्य दुबळे, एवढेच मुलांच्या मनावर ठसते. भक्ष्य नाहीसे झाल्यास बलवानाची काय गत होते, हे दाखविण्यास लिंक्स या रानटी मार्जाराचे उदाहरण फार उपयोगी पडेल.

लिंक्सची ही जात मूळची स्पेन व पोर्तुगाल या दोनच देशांतील. अंगावर काळे ठिपके, कानांच्या टोकांस केसांचे झुपके, गालांवर दाढी आणि वजन सुमारे दहा-बारा किलो. फळ्यावर चित्र काढताना शेपूट आखूडच काढावी. त्याचे अन्न जवळजवळ सर्वस्वी ससे हेच होय. प्रौढ लिंक्सास दिवसाकाठी एक ससा लागतो. पिले असलेल्या मादीस तीन. (तेथील ससे बिळे करून समूहाने राहतात. आपल्या माळावरील ससा बिळे करीत नाही. मुले हे हटकून विचारतील.)

इ. स. १९५२ मध्ये फ्रान्समधील आर्मां-देलील या डॉक्टरांनी आपल्या जमिनीवरील ससे मरावेत म्हणून त्यांच्यात एका रोगाचे विषाणू सोडले. जमिनीस भिंतीचे कुंपण होते. पण रोग त्याने अडला नाही. थोड्याच काळात तो स्पेनमध्ये पोचला व ससे अमाप मेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या रोगाने उरलेल्यांवर घाला घातला. शिकार, सापळे आणि झुडपी रानाची तोड यांची भर होतीच. २००२ च्या सुमारास दक्षिण स्पेनमध्ये दोन्यानाची पाणथळ भूमी व सिएरा मोरेनाचे डोंगर या दोनच ठिकाणी मिळून शंभराहून कमी लिंक्स उरले.

मग उपाययोजना झाली. सशांसाठी बिळे व आसरे तयार करण्यात आले, जमीनमालकांशी करार झाले. दोन्यानातील प्रजननकेंद्रात मार्च २००५ मध्ये सालिएगा नावाच्या मादीस तीन पिले झाली. बंदिवासातील हा पहिलाच जन्म. त्यांपैकी एक पिलू भावंडांच्या झुंजीत मेले. सुमारे सहाव्या आठवड्यात पिले अशी झुंजतात हे तेव्हा ध्यानी आले, आणि पुढे त्या काळात डोळ्यांत तेल घालून पहारा होऊ लागला. २०१० पासून चारशेहून अधिक लिंक्स रानात सोडले गेले. २००१ मध्ये प्रौढ लिंक्स अवघे ६२ होते. २०२२ मध्ये ते ६४८ झाले. २०२४ साली त्यांची गणना 'संकटग्रस्त' वर्गातून काढून 'असुरक्षित' या सौम्य वर्गात करण्यात आली. मात्र रस्त्यांवर मोटारींखाली ते अजून मरतात, आणि सशांचे रोगही संपलेले नाहीत.

पाठाच्या शेवटी एकच प्रश्न विचारावा : त्या फ्रेंच डॉक्टरांस लिंक्स मारावयाचे होते काय? उत्तर शिक्षकांनी सांगण्याची घाई करू नये. मुलांस बोलू द्यावे.